पहिल्या मापाला काय म्हणायचं

माझा राग नाकावर असतो, हे उत्रोलीच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांना जूनच्या पहिल्या आठवड्यातच कळतं. बाईंच्या पिशवीतून रोज काहीतरी नवीन निघतं, हेही त्यांना तेवढ्याच लवकर कळतं, म्हणून माझा राग ती चालवून घेतात. कधी हँगरच्या दोन टोकांना करवंट्या बांधून केलेला तराजू निघतो, कधी लोहचुंबक, कधी बाटल्यांची रंगीत झाकणं. मोबाईल आडवा ठेवायचा, पुढच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि त्यावर भाताचं पान धरायचं. पानावरची लव पडद्यावर एवढी मोठी दिसते की एका पोराने घाबरून विचारलं होतं, "बाई, हे चावतं का?" चावत नाही, म्हटलं, पण कापणीत तुझ्या आईचे हात का खाजतात ते आता बघ. त्या दिवशी पोरांनी घरी जाऊन थेंबाखाली काय काय धरलं कुणास ठाऊक. दोन आयांचे मोबाईल भिजल्याची तक्रार मात्र माझ्यापर्यंत आली.

मी भोरची. स्कूटीवरून शाळा दहा मिनिटांवर. अब्बांचा आठवडे बाजारात कडधान्याचा धंदा होता, शेती आमच्याकडे कधीच नव्हती. भात म्हणजे ताटात वाढतात तो, एवढीच माझी त्याच्याशी लहानपणची ओळख.

शाळेला टॅबलेट मिळाला तेव्हा तो महिनाभर खोक्यातच होता, फुटला तर जबाबदार कोण म्हणून. मी म्हटलं, मी जबाबदार, द्या इकडे. त्यात मोजणीचं एक ॲप होतं. मूल मोठ्याने मोजतं, ॲप ऐकतं. आकडा बरोबर आला की चांदणी, चुकला की लाल फुली आणि बेडकासारखा एक आवाज. पोरांना चांदणीपेक्षा बेडूकच जास्त आवडायचा. मलाही ॲप आवडलं. एकच आकडा चाळीस वेळा चुकला तरी त्याचा आवाज चढत नाही. हे मला तर या जन्मी जमणार नाही.

गौरी-गणपती झाल्यावर मी मापनाचा धडा काढला. खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून पातेलंभर तांदूळ मागून आणले. स्टीलचा एक पेला, एक रिकामी बादली, शेजारी डिजिटल वजनकाटा आणि समोर टॅबलेट. एकेकाने यायचं, पेला भरून बादलीत ओतायचा, ओतताना मोठ्याने मोजायचं, आणि शेवटी बादली काट्यावर ठेवून वजन बघायचं. गणित झालं, विज्ञान झालं, जुनी पद्धत झाली, नवीही झाली. एका दगडात चार पक्षी मारल्याच्या थाटात मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

पाचव्या की सहाव्या नंबरला ती आली. वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी. कुणाच्या घरी शेळी व्याली आणि कुणाच्या घरी भांडण झालं, हे मला तिच्याकडूनच कळायचं. तिने पेला शिगोशीग भरला, बादलीत ओतला आणि ओतताना सूर लावून म्हणाली, "लाभ, लाभ, लाभ."

बेडूक ओरडला.

"एक म्हण," मी म्हटलं.

तिने तांदूळ परत पातेल्यात घातले, पेला पुन्हा भरला. "लाभ, लाभ, लाभ." पुन्हा लाल फुली. दारावर शुभ-लाभ लिहिलेलं असतं, तिथलं काहीतरी उचलून ही चेष्टा करतेय, असं मला वाटलं. मागे पोरं ताटकळली होती, दोघांनी तांदूळ तोंडात टाकायला सुरुवात केली होती, मावशी खिडकीतून पातेलं मागत होत्या. तिसऱ्यांदा तिने तेच केलं आणि माझा तोल गेला.

"अगं एक म्हण, एक! पहिलीत येऊन तीन महिने झाले आणि तुला साधं एक येत नाही?"

वर्ग हसला. तिने पेला खाली ठेवला, हाताला चिकटलेले चार दाणे नीट पातेल्यात झटकले आणि जाऊन भिंतीला टेकून बसली.

त्या दिवसापासून तिने वर्गात मोजणं सोडलं. कविता म्हणायची, चित्रं काढायची, शेळीच्या बातम्या आणायची. पण झाकणं मोज म्हटलं, बोटं मोज म्हटलं, की दातखीळ बसायची. टॅबलेट पुढे केला तर मान फिरवायची. मी तिला समजावलं, मग दटावलं, मग सोडून दिलं. पाहणीच्या तक्त्यात तिच्यापुढे 'अंकओळख नाही' असं लिहिलं आणि पालकसभेत तिच्या आईला तसं सांगितलंही. चार बायकांच्या देखत. आई पदराचं टोक चाचपत म्हणाली, "घरी तर मोजती वो."

"घरी सगळीच मोजतात," मी म्हटलं.

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. भात कापून झालं होतं, गावात जिकडेतिकडे मळणीचा भुसा उडत होता. मधल्या सुट्टीत तिचे आजोबा आले. मी नको म्हणत असताना चपला पायरीखाली काढून ठेवल्या आणि दारातच उभे राहिले.

"बाई, एक इचारू का? रागवायचं न्हाई."

"विचारा की बाबा."

"पोरगीला तुमी काय बोलला व्हता का?"

मला कळेना. त्यांनी सावकाश सांगितलं. गावात आता लोक भात यंत्रावर झोडतात आणि पोती काट्यावर चढवतात. आजोबा मात्र घरापुरतं धान्य अजून पायलीच्या मापानेच मोजतात. माप ते ओतायचे, आकडा ती म्हणायची.

"गेल्या साली सगळी रास तिनं मोजली. माज्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता, मधीच भुलतो. ती भुलत न्हाई. औंदा खळ्यावर याला तयार न्हाई. म्हनती, मला येत न्हाई, बाई म्हनल्यात."

मी शिक्षिकेच्या रुबाबात म्हटलं, "अहो बाबा, तिला एक म्हणताच येत नाही. पहिल्या पेल्याला लाभ म्हणते."

 मी चेष्टा करतेय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"मंग काय म्हनायचं बाई? धान्याच्या पयल्या मापाला कुनी एक म्हनतंय व्हय? एक म्हनलं की एकच ऱ्हातंय. पयलं माप लाभ, मंग दोन, मंग तीन."

 हे तर मला माहीत होतं. अब्बा बाजारात मटकी मापायचे तेव्हा पहिल्या मापाला कधी एक म्हणायचे नाहीत. बरकत, दोन, तीन. मी शेजारी पोत्यावर पाय हलवत बसून ते हजारदा ऐकलं होतं. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला, मापं माळ्यावर गेली आणि मला बरकतचा विसर पडला. टॅबलेटला हे ठाऊक नव्हतं, त्यात त्याचा काय दोष? त्याला कुणी खळं दाखवलं नव्हतं. पण मला काय धाड भरली होती? त्याचा बेडूक ओरडला आणि मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले. एवढ्या ओरडण्याने एका सहा वर्षांच्या पोरीच्या हातून तिचं घरातलं काम गेलं, आणि ते ती अभिमानाने करत होती.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं.

"आवो तुमी कशाला," ते गडबडले. "पोरगी मोजाया लागली म्हंजे झालं."

शाळा सुटल्यावर मी तशीच त्यांच्या खळ्यावर गेले. भाटघरच्या बाजूने वारा सुटला होता आणि आजोबा सुपाने भात वारवत होते. मला बघताच ती राशीच्या मागे गेली. शिक्षकाने मुलाची माफी कशी मागायची, हे डी.एड.ला कुणी शिकवलेलं नाही. जीभ लाकडाची होते. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "मी तुझ्यावर ओरडले, ते चुकलं माझं. तू बरोबर होतीस." तिने फ्रॉकच्या टोकाला पीळ घातला, सोडला, पुन्हा घातला. माफीने लगेच विरघळायला ती काही गूळ नव्हती.

आजोबांनी पायली माझ्याच हातात दिली. "घ्या बाई. तुमीच मोजा आता."

मी भात भरलं. "शीग धरा, शीग," आजोबा म्हणाले. पुन्हा भरलं, दोन्ही हातांनी उचललं, आणि पोत्यात ओतताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बरकत."

ती राशीमागून पुढे आली.

"आमच्यात लाभ म्हंत्यात."

"आमच्यात बरकत म्हणतात."

तिने यावर थोडा विचार केला. पोत्यात वाकून बघितलं. माप पडलेलं होतं, त्यामुळे हरकत घ्यायला तिला जागा नव्हती.

"मंग दोन कोन म्हननार?"

"तू म्हण."

मी दुसरी पायली भरली आणि हातात धरून थांबले. माझे हात दुखत होते, पण ओतायची हिंमत होईना. तिने ओठ आवळले होते. आजोबा दुसरीकडेच बघत होते. मग तिने सूर लावला, "दोन रे दोन, दोन रे दोन," आणि मी ओतली. तीन आलं, चार आलं. अकराव्या मापाला माझ्या कमरेने हात टेकले आणि आजोबांनी पायली घेतली. ती मोजतच राहिली. माप पडेपर्यंत तोच आकडा आळवायचा, मध्ये इकडचं तिकडचं बोलायचं नाही, खोकला आला तरी आवरायचा. मी एकदा काहीतरी विचारलं तर तिने हात वर करून मला गप्प बसवलं. शेवटची पायली सेहेचाळिसावी होती. वर्गात मी वीसच्या पुढे गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी तक्त्यातली ओळ खोडून नवी लिहिली. त्याने माझं समाधान होईना. मग शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी तिची आई आणि त्याच बायका उभ्या होत्या, तिथे जाऊन सांगितलं की तुमच्या मुलीला सगळे आकडे येतात, मलाच कळलं नव्हतं. आई लाजली. एक बाई म्हणाली, "आता बाईच अशा म्हनल्यावर!" आणि सगळ्या हसल्या. मला ते हसणं सोसलं. सोसायलाच हवं होतं.

त्याच आठवड्यात एके दिवशी सगळी पोरं पटांगणात असताना ती आपणहून टॅबलेटशी येऊन बसली. झाकणांचा डबा पुढे ओढला, एक झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "एक."

चांदणी आली. दोन, तीन, चार. चांदण्यांची ओळ लागली. मी वह्या तपासायचं सोडून बघत राहिले.

"अगं, आता एक कसं म्हणालीस?"

"ही झाकनं हायती बाई," ती म्हणाली. बाईंना एवढंही समजू नये, असा तिचा चेहरा होता. "झाकनं काय रांधून खायाची हायती?"

"म्हणजे त्या दिवशी, तांदळाच्या वेळीही, तुला एक येत होतं?"

"येत हुतं की."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई," ती म्हणाली, आणि पाचवं झाकण उचललं.

खरं होतं ते. एक म्हण, असं मी तिला दोनदा म्हटलं होतं. लाभ का म्हणतेस, हे एकदाही विचारलं नव्हतं.