झोप लागल्याची साक्ष

मी तापट आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला सोशिक बाई समजाल. जळकोटला माहेरी मला सगळे फटाकडी म्हणायचे. तरी धाराशिवच्या एका खाजगी दवाखान्यात मी अकरा वर्षं नर्स म्हणून काढली, आणि त्यातलं शेवटचं दीड वर्ष तोंड शिवून.

कारण आमची इन्चार्ज सिस्टर. ती आली आणि माझी रविवारची सुट्टी गेली. "तुझा देव काय बाकीच्या दिवशी झोपतो का गं?" असं पेशंटांसमोर विचारायची. मी रविवारी दुपारची पाळी मागून घेतली आणि सकाळची प्रार्थनासभा कशीबशी गाठू लागले, तर ती शनिवारी रात्रीचीही ड्युटी लावायची. वर म्हणायची, "तोंड का सुजलंय? रात्री काय धंदे करतेस?" वॉर्डबॉय फिदीफिदी हसायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण पोरगी बारावीला, नवऱ्याची नोकरी कंत्राटी. घरी येऊन पडले की तिचं एकेक वाक्य डोक्यात वाजायचं आणि मी अंथरुणातच त्याला उत्तर द्यायचे. काय एकेक उत्तरं! दिवसा त्यातलं एकही तोंडातून निघायचं नाही. दूधवाल्याची मोटारसायकल ऐकू आली की कळायचं, आजही डोळ्याला डोळा लागला नाही.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पंधरा-वीस घरांची. एका निवृत्त मास्तरांच्या घरी वरच्या खोलीत सभा भरते. गाणी झाली की पाळक विचारतात, कुणाच्या काही विनंत्या? मग जो तो आपलं दुखणं सांगतो आणि सगळे आठवडाभर त्यासाठी प्रार्थना करतात. उत्तर मिळालं की उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. माझी विनंती एकच, झोप लागू दे. पहिल्या रविवारी सगळ्यांनी मोठ्या उमेदीनं प्रार्थना केली. दुसऱ्या रविवारी जिन्यातच विचारलं, "लागली का?" पाचव्या रविवारी मास्तरांच्या बायकोनं सांगितलं की ती माझ्यासाठी शुक्रवारचा उपास धरतेय. तिला शुगर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यातच एका गुरुवारी ते इंजेक्शनचं झालं. तापानं आजारी असलेले एक वयस्कर चाचा आमच्या वॉर्डात होते. ते औषध पहिल्यांदा देताना आधी हातावर कातडीखाली थेंबभर टोचायचं, भोवती पेनानं गोल काढायचा आणि अर्धा तास वाट बघायची. जागा लाल झाली तर औषध द्यायचं नाही. मी तेव्हा खाली बाळंतपणाच्या खोलीत होते. इन्चार्जला घाई होती. तिनं टेस्ट न करताच इंजेक्शन दिलं. बघता बघता चाचांच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. मी ओरडा ऐकून वर धावले तेव्हा त्यांची बायको कॉटचा गज धरून "या अल्लाह, या अल्लाह" करत होती. चाचा वाचले. पण तासभर कुणाच्या जीवात जीव नव्हता.

संध्याकाळी इन्चार्जनं मला औषधांच्या खोलीत बोलावलं आणि हातात कोरा कागद दिला.

"लिही. टेस्ट डोस द्यायचा माझ्याकडून राहिला, माफी असावी. सोमवारी डॉक्टर सर बघणारेत."

"मॅडम, मी तर खाली होते."

"वॉर्डाच्या ड्युटीवर नाव तुझं आहे. लिहून दे, नोकरी राहील. नाहीतर तुझं तू बघ."

लिहून दिलं असतं तर एका माणसाला मरणाच्या दारात नेणारी नर्स मीच, हे कायमचं माझ्या सहीनं ठरलं असतं. नाही दिलं तर घरी. शनिवारी मी पाळकांना फोन केला. माणूस भला, पण भांडण म्हटलं की घाबरतो. म्हणाले, "ताई, प्रभूनं तर सगळ्या जगाचे अपराध अंगावर घेतले. क्षमा करा. नम्र व्हा." मला संताप आला. आणि प्रभूचं नाव ऐकून संताप आला याची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

रविवारी सभेत मास्तरांच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा उपासानं उतरलेला. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि ठणठणीत आवाजात साक्ष दिली की प्रभूनं मला गाढ झोप दिली आणि माझ्या इन्चार्जला मी मनापासून क्षमा केली. सगळी खोली "आमेन" म्हणाली. ती बाई तर रडायलाच लागली. मी खाली बसले. आता झोपेसाठी कुणाकडं प्रार्थना मागायचीही सोय उरली नव्हती.

खाली चपला घालताना कुणीतरी माझं कोपर धरलं. आमच्या सभेतली सगळ्यात म्हातारी मावशी. मूळची सास्तूरची, भूकंपात नवरा आणि धाकटं लेकरू गेलेली. सभेत फारसं बोलत नाही.

"खोटं बोललीस न्हव का गं?"

मी काही म्हणायच्या आधीच डोळ्यांतून पाणी आलं. तिथंच पायरीवर बसून सगळं सांगितलं, कागदाचंही. "मी लई चांगली प्रार्थना करते हो मावशी. रोज म्हणते, कृपाळू पित्या, तिला आशीर्वाद दे."

"आन् आतून?"

"आतून म्हणते, तिला खड्ड्यात घाल."

मावशी तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "ते आतलं सांग की त्येला. वादळात नाव बुडाया लागली तवा त्येचे शिष्य काय हात जोडून गोड बोलत बसले व्हते? प्रभू उशीवर डोकं ठिवून निजलेला, गदागदा हलवून उठवला त्येला. रागावून इचारलं, आमी मरतोय, तुला काय हाय का न्हाय? त्येनं आधी वादळ थांबवलं, मगच त्येंना बोलला. मी तर दोन वरीस भांडले त्येच्यासंगं. त्यो काय रुसून गेला न्हाय."

त्या रात्री मी उठून स्वयंपाकघरात गेले. गुडघे टेकले नाहीत. ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "तुला काही पडलंय का नाही? दीड वर्ष झालं, मी बुडतेय. ती बाई मला पायाखाली घालते आणि तू मला नम्र व्हायला सांगतोस? मला ती आवडत नाही. मी तिला क्षमा केलेली नाही. मी तुझ्या घरात उभं राहून खोटं बोलले. आणि उद्या पुन्हा खोटं लिहायला लावतायत. ऊठ ना!"

दारात नवरा उभा. "कुणाशी भांडतेस?"

"देवाशी."

त्यानं पोरीच्या खोलीकडं बघितलं. "बरं, हळू भांड. पोरीची परीक्षा आहे."

किती वेळ बोलले आठवत नाही. एवढं आठवतं की बोलता बोलता माझ्याजवळचे शब्द संपले आणि आतमध्ये एकदम शांत झालं. कुणी उत्तर दिलं नाही, पण कुणीतरी ऐकून घेतलंय हे मला पक्कं कळलं. मी तिथंच फरशीवर आडवी झाले. सकाळी पोरीनं हलवून उठवलं.

सोमवारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये इन्चार्ज आधीच उभी होती. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, लिहून आणलंय ना?"

"नाही सर. इथं लिहिते."

त्यांनी पेन पुढं केला. भीती कसली गेलेली! तरी चार ओळी लिहिल्या. मी कुठं होते, इंजेक्शन कुणी दिलं, मी वर आले तेव्हा काय दिसलं. खाली पूर्ण सही केली. डॉक्टरांनी वाचलं, इन्चार्जकडं बघितलंही नाही, कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

"उद्यापासून येऊ नका."

मी बॅग घेऊन जिना उतरत होते. मागून पावलं आली. इन्चार्ज. मी वळले, म्हटलं आता हिला एक ठेवून द्यावी. दीड वर्षाची सगळी उत्तरं तयार होती. पण उजेडात पहिल्यांदाच तिचे डोळे नीट दिसले, खाली काळे, पापण्या सुजलेल्या.

"तुला भीती न्हाय वाटली?" ती हळूच म्हणाली.

"वाटली की. लई वाटली."

"ते चाचा रोज दिसतात मला. डोळा मिटला की तोंड उघडून श्वास घ्यायला लागतात." तिनं माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी. "गुरुवारपासून झोप न्हाय गं."

क्षमेचा शब्द माझ्या तोंडात आलाच नाही. एकदा फुकट वापरून बसले होते. मी नुसती त्या जिन्यात उभी राहिले, नोकरी गेलेली, बॅग खांद्याला, आणि तिनं धरलेला हात मी सोडवून घेतला नाही.