भिंतीत उतरलेलं मूळ

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीने पार्किंगसाठी आवारातला पिंपळ पाडला. तो वाचवायला मी गेटवर उभी राहून पत्रकं वाटलेली. लोकांनी त्यांत वडे गुंडाळले! मग चिडून त्याच पिंपळाचं, गच्चीच्या भिंतीत रुजलेलं रोपटं उपटून आणलं आणि व्हिडिओ बघत बोन्साय करायला बसले. आई म्हणाली, "पिंपळ घरात ठेवत नाहीत गं." मी हसले.

पावसाळा संपला तेव्हा कुंडी जागची हलेना. मूळ तळाच्या भोकातून निघून बाल्कनीच्या भिंतीलगतच्या फटीत शिरलेलं. संध्याकाळी खालचे काका तणतणत वर आले. झाड पाडायला पहिला हात यांनीच वर केलेला. "अगं, तुझा पिंपळ माझ्या बाथरूममध्ये उतरलाय. काप आत्ताच्या आत्ता!"

मूळ ठेवलं तर भिंत फुटणार, कापलं तर एवढंसं रोप बहुतेक मरणार. वारा अजिबात नव्हता, तरी पानं थरथरत होती. मी मुळावर कात्री चालवली.

रोप जगलं. आठवड्याभराने काका पुन्हा आले, पण दारातच थांबले. आवाज अगदी खाली गेलेला.

"बाथरूमच्या छताला लोंबतोय ना तो मुळाचा तुटका तुकडा, त्याला पान फुटलंय. आता कशालाच हात लावू नकोस."