अकरा वॅटचा हिशेब

४ ऑगस्ट. रुपये ८६,३१०.

भाचीच्या तिसऱ्या वर्षाच्या फीची ही रक्कम. मेहुण्यांनी माझ्या खात्यावर पाठवली होती, मी ती विद्यापीठाच्या खिडकीवर भरली आणि दोन पावत्या घेऊन बाजूला झालो. दोन अशासाठी की आमची ही मुलगी एकाच वेळी इलेक्ट्रिकल इंजिनीअर आणि वाणिज्य पदवीधर होणार आहे. पाच वर्षांची जोडपदवी आहे. पावत्या तपासायची मला सवय आहे, म्हणून तिथेच उभ्या उभ्या तपासल्या. ग्रंथालय शुल्क दोनदा होतं, ओळखपत्राचे दीडशेही दोनदा.

"मुलगी एकच आहे," मी खिडकीतल्या बाईंना म्हणालो.

"फोटो मात्र दोन लागतील," त्या म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

घरी हिला आम्ही टेस्टर म्हणतो. पाच वर्षांची असल्यापासून वडिलांचा टेस्टर फ्रॉकच्या खिशात घालून फिरायची आणि पाहुण्यांच्या घरी गेली की आधी प्लग तपासायची. मेहुण्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेली कुठलीही मोटर त्यांच्यापुढे ठेवा, तांब्याची तार नव्याने गुंडाळून दोन दिवसांत फिरती करून देणार. पण तारेचा भाव वाढला की बिलही वाढवायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. मी दर दिवाळीला वकिलासारखा त्यांच्यापुढे कागद घेऊन बसायचो. ते म्हणायचे, "बघू हो, गिऱ्हाईक ओळखीचं आहे." टेस्टर दहावीत असताना दुकानाला कुलूप लागलं. मेहुणे आता दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर मोटरी गुंडाळतात.

त्यामुळे तिने ही जोडपदवी निवडली तेव्हा कारण विचारायची गरज नव्हती. तरी माझ्या बायकोने विचारलंच.

"बाबांना मोटर कळायची, बिल कळायचं नाही," ती म्हणाली. "मला दोन्ही कळायला हवं, मामी. मग दुकान परत उघडता येईल."

विद्यापीठ आमच्या गावात, म्हणून ती आमच्याकडे राहते. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हिशेब विभागात आहे, निवृत्तीला अकरा महिने उरलेत. वाणिज्याची बाजू मी बघेन, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. ते अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

या जोडपदवीची गंमत अशी, की ती छापील पत्रकात जोडलेली आहे, बाकी कुठेच नाही. इंजिनीअरिंगची इमारत एका टोकाला, वाणिज्याची दुसऱ्या टोकाला, मध्ये वीस मिनिटांची पायपीट. मधल्या सुट्टीत ही मुलगी रस्त्यावर असते. इंजिनीअरिंगची मुलं तिला मुनीम म्हणतात, वाणिज्यातली वायरमन. एका ठिकाणी चालणारा कॅल्क्युलेटर दुसऱ्या ठिकाणी जप्त होतो. आणि ही बया नेमका उलटा कॅल्क्युलेटर घेऊन बाहेर पडते. मी दारात उभा राहून रोज विचारायचो, "आज कोण आहेस?" ती चप्पल घालता घालता म्हणायची, "दुपारपर्यंत इंजिनीअर."

डिसेंबरात निकाल लागला आणि दोन विषय राहिले, दोन्हीकडचा एकेक. नियम असा आहे, की एका सत्रात मिळून दोन विषय राहिले आणि फेरपरीक्षेत त्यातला एक जरी पुन्हा राहिला, तर एक शाखा सोडावी लागते. म्हणजे टेस्टरला एकतर मोटर सोडायची किंवा बिल.

तिने ते जेवणाच्या टेबलावर इतक्या शांतपणे सांगितलं, की माझा घास हातातच राहिला.

"कशात राहिलीस?"

"ट्रान्सफॉर्मरच्या प्रात्यक्षिकात शून्य. आणि अकाउंट्समध्ये तीन मार्क कमी."

"शून्य? प्रात्यक्षिकात हजर राहिलं तरी कोणी शून्य देत नाही."

"दिलंय ना," ती म्हणाली आणि प्रयोगवही आणून ठेवली.

मला विजेतलं कळत नाही, पण बेरीज वजाबाकी कळते. ट्रान्सफॉर्मरमध्ये ६१२ वॅट गेले होते, ५६० बाहेर आले होते. आतल्या आत ४१ वाया गेले, असं आधीच्या चाचण्यांवरून काढलं होतं. राहिले अकरा. त्या अकरापुढे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सस्पेन्स खाते, ११ वॅट.

मी चष्मा काढला.

"तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "फरक लपवायचा नाही. सापडेपर्यंत सस्पेन्स खात्यात वेगळा दाखवायचा."

"रुपयांचा. रुपयांचा फरक म्हटलं होतं मी."

"बाकी सगळ्यांनी मागच्या वर्षीच्या वहीवरून आकडे जुळवले, मामा. सगळ्यांचा फरक शून्य आलाय. त्यांना अठरा, एकोणीस मार्क."

मी अकाउंट्सची उत्तरपत्रिका मागितली. तिची प्रत तिने काढून आणली होती. तिथे तर कपाळावर हात मारायची पाळी आली. सगळ्या खात्यांच्या शिलकांची तेरीज मांडली होती, जमा आणि नावे दोन्ही बाजू साडेअकरा लाखांच्या आसपास, पण दोन्हींत २७० रुपयांचा फरक. आणि खाली ही मुलगी लिहिते: फरक ०.०२ टक्के, स्वीकारार्ह मर्यादेत.

"हे काय आहे?"

"टॉलरन्स. लॅबमध्ये दोन टक्क्यांपर्यंत चालतो."

"अगं, हिशेबात एक पैसा चालत नाही."

"पण शून्य पूर्णांक शून्य दोन, मामा. इतकं अचूक मीटर बाजारात मिळत नाही."

मामीने मध्येच विचारलं, "म्हणजे तिथे जे करायचं ते इथे केलं आणि इथलं तिथे?"

"हो," टेस्टर म्हणाली. "रस्त्यात अदलाबदल झाली."

मी हसलो नाही. २७० ला नवाने भागून दाखवलं. फरकाला नवाने भाग गेला, की बहुतेक वेळा कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिलेले असतात. तीन मिनिटांत सापडलं: ४,३६० च्या जागी ४,६३०. तीन मिनिटांचं काम, आणि त्यापायी मुलीचं दुकान जाणार होतं.

फेरपरीक्षांचं पत्रक लागलं. अकाउंट्सचा पेपर १९ जानेवारी, सकाळी दहा ते एक. ट्रान्सफॉर्मरचं प्रात्यक्षिक १९ जानेवारी, सकाळी दहा.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वाणिज्याच्या कार्यालयातले कारकून म्हणाले, "तारीख इंजिनीअरिंगवाल्यांनी बदलायला हवी, आमचे चाळीस विद्यार्थी आहेत." इंजिनीअरिंगच्या कार्यालयातले म्हणाले, "पेपर त्यांचा, तारीख त्यांनी बदलावी." परीक्षा विभागात एक गृहस्थ बराच वेळ संगणकाकडे बघत राहिले.

"दोन क्रमांक आहेत," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे दोन विद्यार्थी. त्यांचा पेपर एकाच वेळी असायला काही हरकत नाही."

"विद्यार्थी एकच आहे. ही बघा, उभी आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "इथे तसं दिसत नाही," ते म्हणाले.

छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाने कुणाला कचेरीवरून बोलू नये, म्हणून मी गप्प बाहेर आलो. बाहेर टेस्टर म्हणाली, "मामा, तुम्ही लोकांना असंच सांगता का?" तिने मग मला प्रात्यक्षिकाच्या प्राध्यापकांकडे नेलं. बारीक, चिडके गृहस्थ. फेरपरीक्षेसाठी परत घेतलेली प्रयोगवही त्यांनी टेबलाच्या खणातच ठेवली होती, बहुधा आल्यागेल्याला दाखवायला.

"हेच का ते मामा?"

"हो."

"सस्पेन्स खातं तुम्ही शिकवलंत?"

"शिकवलं. पण विजेसाठी नाही."

"मी वीस वर्षं शिकवतोय. अकरा वॅट कुठल्या बँकेत ठेवले, ते तरी लिहायचं होतं." मग तिच्याकडे वळून, "तुला वाटलं मी थट्टा ओळखणार नाही?"

"थट्टा नव्हती, सर. अकरा वॅट खरंच कमी पडत होते. कुठे गेले ते माहीत नव्हतं."

"मग शोधायचे."

"तास संपला होता."

ते थोडा वेळ वहीची पानं उलटत बसले. मी पेपरच्या वेळेचं सांगितलं. ते कुरकुरत म्हणाले, "आठ वाजता या. साडेनऊला मी उठणार. आणि अकरा वॅट सापडल्याशिवाय मार्क नाहीत."

१९ तारखेला पावणेआठला आम्ही प्रयोगशाळेच्या दाराशी होतो. दार फ्यूजकाकांनी उघडलं. हे तिथले जुने तंत्रज्ञ. मुलं फ्यूज उडवतात आणि हे बदलतात, म्हणून हे नाव. मला त्यांनी दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि कशालाही हात लावू नका, असं बजावलं.

टेस्टरने तारा जोडल्या. माझ्या मते फार भराभर जोडल्या, पण मला विचारलं कुणी नव्हतं. बटण दाबताच फट् असा आवाज होऊन सगळं बंद पडलं.

"एक तार चुकीच्या जागी," प्राध्यापक घड्याळाकडे बघत म्हणाले.

"मोटरवाल्याची पोर ना तू?" फ्यूजकाका म्हणाले. "वडील बघत असते तर?"

"वडील म्हणाले असते, बघू हो," टेस्टर म्हणाली आणि तार काढायला लागली.

भांडारातून फ्यूज घ्यायचा तर दोन सह्यांचा अर्ज लागतो आणि भांडार दहाला उघडतं. फ्यूजकाकांनी स्वतःच्या पिशवीतून पुडी काढली आणि आपला फ्यूज बसवला. यात पंचवीस मिनिटं गेली.

दुसऱ्या वेळी सगळं नीट चाललं. या खेपेला फरक बारा वॅटचा आला. टेस्टर मीटरांकडे बघत उभी राहिली. मग तिने एक व्होल्टमीटर सोडवला. आत जाणाऱ्या विजेचा आकडा जरासा उतरला. दुसरा सोडवला, आणखी उतरला.

"मीटरच खातायत," ती म्हणाली. "दोन व्होल्टमीटर मिळून सात. वॅटमीटरची कॉइल दोन." सात आणि दोन हे आकडे तिने कागदावर हिशेब करून काढले. "मोजणाऱ्याचा खर्च मी धरलाच नव्हता."

"नऊ झाले. बाकी तीन?"

आता पुन्हा सस्पेन्स म्हणाली, तर मी स्टुलावरून उठणार होतो.

"मीटरवर पाच वॅटची एक रेघ आहे, सर. त्याच्या आतला फरक मला नेमका वाचताच येत नाही. इथे टॉलरन्स."

प्राध्यापकांनी वहीवर सही केली. मार्क किती ते सांगितलं नाही. नऊ सत्तावीस झाले होते. "पळ," ते म्हणाले, "आणि तो कॅल्क्युलेटर नेऊ नकोस, तिथे काढून घेतात." हे त्यांना माहीत होतं, याचं मला नवल वाटलं.

वीस मिनिटांचा रस्ता ती बारा मिनिटांत गेली. मी मागून कॅल्क्युलेटर आणि तिची चप्पल सांभाळत गेलो, कारण चपलेचा बंद वाटेत तुटला होता. पेपर तिने अनवाणी लिहिला.

एक वाजता ती बाहेर आली.

"तेरीज जुळली?"

"नाही. नव्वदचा फरक."

"नव्वदला नवाने भाग जातो. आकडा उलटा लिहिलाय तू."

"माहीत आहे, मामा. घंटा झाली."

"मग काय केलंस?"

"सस्पेन्स खात्यात टाकला. खाली लिहिलं, शोधायचा राहिला."

मी तिथल्या पायरीवर बसलो. तीन वर्षं घसा कोरडा करून या मुलीला एकच गोष्ट शिकवली, आणि ती योग्य जागी करायला तिला दोन परीक्षा लागल्या. तिला हे सांगितलंही. ती म्हणाली, "भूक लागलीय," आणि माझ्या हातातून चप्पल घेतली.

फेब्रुवारीत निकाल लागला. प्रात्यक्षिकात वीसपैकी चौदा. अकाउंट्सला पास व्हायला चाळीस लागतात, तिला त्रेचाळीस मिळाले. दोन्ही शाखा राहिल्या. मेहुण्यांना फोन केला तर ते म्हणाले, "मीटर वीज खातं, हे मला विचारलं असतं तर सांगितलं असतं." टेस्टरने फोन माझ्या हातून घेतला आणि त्यांना विचारलं, की मग बिलात ते कधी लावलं होतं का.

पुढच्या वर्षाच्या फीचं पत्रक आलं आहे. ओळखपत्राचे दीडशे दोनदाच आहेत.

फ्यूजचे पैसे द्यायला मी दोनदा विद्यापीठात गेलो. एकदा फ्यूजकाका रजेवर होते. एकदा भेटले, पण पावती कुणाच्या नावाने करायची ते ठरेना आणि पावतीशिवाय ते पैसे घेत नाहीत. पस्तीस रुपये द्यायचे बाकी आहेत.