पिठानं काढलेली पुराची रेघ

आमच्या शाळेच्या इतिहास मंडळात आम्ही तिघीच आहोत. इतिहास थोडा आणि किस्सेच जास्त, अशी आमची अवस्था आहे. माहिती विचारायला जावं तर माणसं ती सोडून बाकी सगळं सांगतात. पूजा बोलते, संघमित्रा मोजते आणि मला चारचौघांत बोलता येत नाही म्हणून वही माझ्याकडे असते. वहीच्या पुढच्या बाजूनं इतिहास लिहायचा, असं वानखडे सरांनी सांगितलं होतं. मी मागच्या बाजूनं किस्से लिहायला घेतले. आता किस्से इतिहासाला जाऊन भिडलेत.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव मोताळ्याहून मलकापूरला जाताना लागतं, नदीकाठी. गावात मुलींसाठी अभ्यासिका मंजूर झाली होती. संघमित्राच्या घरात दोन खोल्या, सात माणसं आणि एक टीव्ही. ती शाळेच्या व्हरांड्यात अभ्यास करायची, शिपाईकाका किल्ल्यांचा जुडगा वाजवायला लागेपर्यंत. पुढच्या वर्षी आमची दहावी होती. अभ्यासिका आम्हा सगळ्यांनाच हवी होती, पण तिला ती आमच्यापेक्षा जास्त हवी होती.

*

सुरुवात अमेरिकेनं केली. तिकडच्या एका छोट्या नदीकाठच्या शहरातल्या शाळेशी सरांनी आमचा व्हिडिओ कॉल ठरवला. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या नदीची आणि गावाची गोष्ट सांगायची. सरांचा मोबाईल आम्ही खडूच्या डब्याला टेकवून ठेवला.

त्यांची नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ फोनमध्ये मावेना. काठावर एक लांबच लांब भिंत, आणि पूर जिथपर्यंत चढला तिथं भिंतीवर रेघ मारलेली. प्रत्येक पुराची वेगळी रेघ. मग एमिली नावाच्या मुलीनं विचारलं, "आता तुमची नदी दाखवा."

फेब्रुवारी महिना. पूजानं मोबाईल उचलून खिडकीबाहेर धरला. नदीच्या पात्रात दोन टीमची मॅच चालली होती आणि एक म्हैस मिडऑनला बसली होती.

"पण पाणी कुठं आहे?" एमिली म्हणाली.

पूजानं इंग्रजीत शांतपणे सांगितलं, "पाणी जुलैमध्ये येतं. तुम्ही पण जुलैमध्ये या."

*

त्याच कॉलवर त्यांच्या वाचनालयाच्या बाई भेटल्या. पांढरे केस, गळ्यात चष्मा. त्यांच्या वाचनालयात दोनदा पुराचं पाणी शिरलं होतं. पहिल्यांदा वाहून गेल्यावर गावानं ते त्याच जागी पुन्हा बांधलं. का, तर तिथून नदी छान दिसते. दुसऱ्यांदा पाणी आल्यावर ते टेकडीवर नेलं.

सरांनी हे मराठीत सांगितलं तेव्हा संघमित्रानं एवढंच विचारलं, "एकदा बुडाल्यावर परत तिथंच?"

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या आजोबांना आम्हीही हेच विचारायचो."

त्यांनी आम्हाला विचारलं, तुमच्या पुराच्या रेघा कुठे आहेत? सर म्हणाले, "आहेत ना, आमच्याकडेही आहेत." कॉल बंद झाल्यावर सर आमच्याकडे वळले. "आता शोधा."

*

रेघा होत्या. आमच्या गावात पूर ओसरला की घरातलं मोठं माणूस ओल्या भिंतीवर पाण्याच्या खुणेवरून गेरूचं बोट फिरवतं. पण ही रेघ मानाची असते. ज्याच्या घरात पाणी जास्त, तो गप्पांमध्ये मोठा. किराणावाल्या भागवतकाकांची रेघ तर त्यांच्या डोक्याच्याही वर होती, आणि शेजारच्या घरातली गुडघ्याएवढी.

"काका, मधे एक भिंत आहे फक्त," पूजा म्हणाली. "पाणी तुमच्याकडेच एवढं कसं चढलं?"

"दर दिवाळीले भिंत रंगवा लागते बाप्पा. रेघ पुसल्या जाते. मंग मी अंदाजानं पुन्हा काढतो. एखादा इंच इकडंतिकडं होतेच."

"पण दर वेळी वरच काऊन होते? खाली काऊन नाही होत?"

काकांनी आमच्या हातावर एकेक गोळी ठेवली आणि दुसरं गिऱ्हाईक बघितलं.

*

मग खरी रेघ ओळखायची कशी? ते संघमित्राच्या वडिलांनी सांगितलं. ते गवंडी आहेत. त्यांच्याकडे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असते. एक टोक इथं धरायचं, दुसरं तिकडं. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं, मधे गल्ली असो की चढ असो. म्हणजे एका घरची रेघ दुसऱ्या घरी कुठे यायला हवी ते बरोब्बर कळतं.

पहिल्या दिवशी आमच्या हिशोबानं महादेवाच्या देवळाचा कळस बुडत होता. आम्ही तिघी कळसाकडे बघत उभ्या. संघमित्राचे वडील आले आणि पूजाचा हात बघून म्हणाले, "अंगठा काढ वं माय नळीवरून. पाण्याले श्वास घेऊ दे."

पूजानं अंगठा काढला. देऊळ वाचलं.

*

नळी घेऊन आम्ही वरच्या आळीत शिरलो तर बायका घागरी घेऊन बाहेर. गावात नवीन नळ येणार, असं कोणीतरी पसरवलं होतं.

"पोरीओ, आमच्या दारात कधी येईन नळ?"

"मावशी, आम्ही नळ नाही आणत. पुराचं पाणी मोजून राह्यलो."

"हाव, म्हणजे मीटर बी लावान का?"

पूजानं पाच मिनिटं समजावलं. सगळ्यांनी मान डोलावली. निघताना एका म्हाताऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन आधार कार्डाची झेरॉक्स माझ्या वहीत ठेवली. "तू बोलत नाहीस," त्या म्हणाल्या, "म्हंजे साहेब तूच असशीन."

*

खरी रेघ शेवटी पिठाच्या चक्कीत सापडली. चक्की शांतामावशीची. तिथं भिंतीवर एक पांढरी, खडबडीत, दगडासारखी कड आहे. तिच्या खाली भिंत गुळगुळीत, वर पिठाचा जुना थर.

"मी नाही काढली रेघ," शांतामावशी म्हणाली. "पिठानं काढली. पाणी आलं, भिंतीवरचं पीठ भिजलं, खालचं धुऊन गेलं आणि काठावरचं वाळून असं बसलं का खरवडून निघे ना. दोन खुरपे मोडले माह्ये."

भागवतकाका रेघ वर सरकवू शकतात, पीठ सरकवू शकत नाही. आम्ही चक्कीतून नळी फिरवली. देवळाच्या पायरीवरची जुनी खूण जुळली. बौद्ध विहाराच्या कट्ट्यावरची खूण जुळली. भागवतकाकांची रेघ सहा विती खाली यायला हवी होती. आम्ही त्यांना सांगितलं नाही, गोळ्या खाल्ल्या होत्या.

पुढच्या कॉलवर आम्ही पिठाची रेघ दाखवली. अमेरिकेतल्या बाईंनी त्यांच्या सभागृहातला पियानो दाखवला. त्याच्या लाकडावर चिखलाची रेघ आहे आणि ती ते मुद्दाम पुसत नाहीत. दर वर्षी नदीकाठी सगळं गाव जेवायला जमतं तेव्हा तो वाजवतात. खालच्या काही पट्ट्या वाजतच नाहीत, तरी वाजवतात.

शांतामावशी सरांच्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होती. "त्याईले म्हणा," ती म्हणाली, "एवढी मोठी पेटी, तवाच दोन दिवस उन्हात वाळवा लागत होती."

सरांनी भाषांतर केलं. बाई पियानोकडे वळून बघत म्हणाल्या, "हे आम्हाला कोणी सुचवलंच नाही."

*

आता अवघड किस्सा. चक्कीसमोरचा रस्ता ओलांडला की उतारावर एक मोकळी जागा आहे. संघमित्रानं सहज म्हणून नळीचं टोक तिथं नेलं. पाणी माझ्या कपाळाशी येऊन थांबलं. मी नळीला पाठ लावून मोजलं, पूजानं वितीनं मोजलं. आकडा तोच.

अभ्यासिका त्याच जागेवर होणार होती. नदी छान दिसते म्हणून.

पूजा म्हणाली, "नाही सांगितलं तर?"

संघमित्रानं नळी गुंडाळली. "वह्या तर माझ्याच भिजतील."

*

ग्रामसभेत सरांनी विषय काढला. शाळेमागच्या टेकावर ग्रामपंचायतीची जागा आहे, तिथं बांधा. सरपंच चिडले नाहीत, हसले. "सर, जागा बदला म्हटलं का मंजुरी वापस जाते. मंग ना खाली, ना वर. पोरीईले व्हरांडाच बरा का?"

मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात संघमित्रा उभी राहिली. तिच्या वडिलांनी तिच्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, बस खाली. ती बसली नाही.

"मंजुरीचा कागद वाचायला मिळेल का?" तिनं विचारलं.

ग्रामसेवकांनी फाईल चाळून कागद दिला. तिनं तो उभ्यानं वाचला. दोनदा. मग मोठ्यानं वाचला. त्यात एवढंच होतं, ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेवर. कोणत्या, ते लिहिलंच नव्हतं.

ग्रामसेवकांनी कागद परत घेऊन स्वतः वाचला. "हो," ते म्हणाले, "हे असंच आहे."

मागून शांतामावशीचा आवाज आला. "इतके दिवस फाईल कोणाच्या उशाले होती?"

सरपंच मात्र उठताना म्हणाले, "कागदाचं राहू द्या. मी याच गावात जन्मलो. त्या जागेवर एवढं पाणी आलेलं मी पाह्यलं नाही. पोरीईच्या नळीवर गावचं बांधकाम होत नसते." भूमिपूजन ठरल्या दिवशीच, ठरल्या जागीच होणार होतं.

*

हा किस्सा मी अभ्यासिकेत बसून लिहिते आहे. खिडकीतून नदी लांब दिसते, कारण ही अभ्यासिका टेकावर आहे. शेजारी संघमित्रा बीजगणित सोडवते आहे आणि पूजा तिला सोडवू देत नाहीये. ही इमारत इथं कशी आली, ते आता सांगते.

भूमिपूजनाच्या दिवशी खालच्या जागेवर मंडप पडला होता. खुर्च्या, हार, कुदळीला हळदकुंकू. अर्धं गाव जमलेलं. ऊन असं की जमिनीला भेगा. सरपंच आमच्या गावातले सगळ्यात उंच गृहस्थ. त्यांनी नवा पांढरा शर्ट घातला होता, वरच्या खिशात नवा मोबाईल.

नारळ फोडण्याआधी शांतामावशी पुढं आली. "सरपंच, पोरीची नळी खोटी हाय ना? मंग एक डाव तुमीच धरा. नारळ काई पळून नाही चालला."

लोक हसले. हसल्यामुळे सरपंचांना नाही म्हणता येईना. संघमित्रा रस्ता ओलांडून चक्कीत गेली आणि तिनं एक टोक पिठाच्या रेघेला लावलं. दुसरं टोक सरपंचांनी हातात घेतलं.

"अंगठा काढा, काका," पूजा हळूच म्हणाली.

त्यांनी काढला. नळीतलं पाणी वर चढू लागलं. गुडघ्यापाशी थांबलं नाही. कमरेपाशी थांबलं नाही. सगळा मंडप त्या पाण्याकडे बघत होता. ते पोटावरून वर आलं, जरा खाली गेलं, पुन्हा वर आलं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाशी येऊन स्थिर झालं.

सरपंचांनी पाण्याकडे पाहिलं. नदीकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं खिशातला मोबाईल काढला आणि डोक्याच्या वर धरला.

पुजारीबुवांचा हात नारळ घेऊन तसाच वर राहिलेला.

"सरपंच," त्यांनी विचारलं, "फोडू का मग?"

सरपंचांनी मोबाईल खाली घेतला नाही. "इथं?" ते म्हणाले. "पाण्यात?"