काय म्हणते आई?

विद्यापीठाच्या वसतिगृहात तिला सगळ्या हसरी म्हणत. निवडून आलेल्या प्रतिनिधीने सकाळी मेसच्या दाराशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकीची विचारपूस करायची, ही तिथली जुनी पद्धत. आधीच्या प्रतिनिधी जांभया देत ते उरकायच्या. हसरीने मात्र त्यात जीव ओतला. ती प्रत्येकीला एकच विचारी, "काय म्हणते आई?" आणि घरापासून लांब आलेल्या त्या पोरी चहा गार होईपर्यंत सांगत बसत.

यंदाही तीच निवडून येणार, यात कुणाला शंका नव्हती. जी स्वतः सुखी तीच दुसऱ्यांचं ओझं उचलू शकते, असं तिची रूममेट खोल्याखोल्यांतून सांगत फिरे. पहिल्या वर्षी हीच रूममेट हसरीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती. हसरीला ते दार पुन्हा हवं होतं, अगदी मनापासून.

प्रचार ऐन रंगात आला आणि हसरीची आई गेली.

परतल्यावर ती दाराशी उभी राहिली, पण तो प्रश्न काही घशातून बाहेर पडेना. नुसतं "ये" म्हणून ती फरशीकडे बघे. पोरींनी आधी गळ्यात पडून घेतलं. पण दयेचा दम लवकर संपतो. मग एकेक जण स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत जाऊ लागली. हसरीने एके सकाळी मन घट्ट केलं आणि हसली. लगेच कुजबुज सुरू झाली, आई जाऊन महिना झाला नाही आणि ही दात काढतेय. रडावं तर नकोशी, हसावं तर निर्लज्ज. पोरीने करावं तरी काय?

रूममेट पलंगावर येऊन बसली, तिचा हात हातात घेतला.

"तू आता आराम कर. मुलींना सध्या आनंदी चेहरा हवाय. मी उभी राहते."

हसरीने मान डोलावली. एवढंच नाही, मतही तिलाच दिलं.

रूममेट सहज निवडून आली. पहिल्याच सकाळी दाराशी उभी राहिली, तेच हसू चिकटवून, तोच प्रश्न विचारत. रांग भराभर सरकत होती. हसरीची पाळी आली.

"काय म्हणते आई?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. रूममेटच्या काहीच लक्षात आलं नाही. तिची नजर केव्हाच पुढच्या मुलीवर गेली होती. मागच्या पोरी भुकेने चुळबुळत होत्या. हसरी तिच्याकडे बघून पूर्वीसारखीच गोड हसली.

"बरी आहे," ती म्हणाली आणि ताट घ्यायला पुढे गेली.