स्टार्ट न दाबता जिंकलेली शर्यत

आधी तो चहा संपवा बरं. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माणूस एका वीतभर खेळण्यासमोर किती मोठी फजिती करून घेऊ शकतो, ते सांगतो. माणूस म्हणजे मीच, दुसरा कोण?

नव्वद साल उलटून गेलं होतं. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात कारकून होतो. शिंदखेड्याचं स्थळ आलं. मुलीचे वडील, आबा, कापसाचे व्यापारी. दारात जीप. एकुलती एक मुलगी, म्हणून अटही एकच: जावयाला गाडी चालवता आली पाहिजे.

मला सायकल येत होती.

पण मध्यस्थ आमचे नानामामा! त्यांनी परस्पर सांगून टाकलं होतं, "गाडी? अहो, पोरगा डोळे मिटून चालवतो!" आणि हे मला कधी कळलं? आबांच्या ओट्यावर चपला काढताना.

"नाना, मला कुठे येते गाडी?"

"गप रे! लग्न जमलं की शिक. आज कोण तुझी परीक्षा घेतंय?"

मुलगी पोहे घेऊन आली. सुनंदा. आता सरळच सांगतो, मला ती बघताक्षणी आवडली. नानांनी तिला विचारलं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. ती मान खाली घालून "हो" म्हणत होती, आणि मी इकडे गाडीचा विषय निघू नये म्हणून कुलदेवीला नारळ कबूल करत होतो.

विषय दुसरीकडे न्यावा म्हणून मी कोनाड्यातल्या एका वस्तूकडे बोट दाखवलं. "हे काय हो, आबा?"

आबा एकदम खुलले. "हाई? मना भाऊनी दुबईथून धाडेल शे. गाडीनी शर्यत शे ती. तुले तं गाडी येस ना? चालव!"

घ्या! जे टाळायला गेलो, तेच हातात येऊन बसलं.

व्हिडिओ गेम होता तो, हातात धरून खेळायचा. मी कडेचं बटण सरकवलं. ट्यांव ट्यांव संगीत वाजलं, इवल्याशा पडद्यावर कसलीशी पाटी आली आणि एकदम एक मोटार सुसाट सुटली. मी घाबरून दोन्ही अंगठे बटणांवर आपटायला लागलो.

आणि चमत्कार! वळण आलं, गाडी वळली. पुढे दुसरी मोटार आली, माझी बाजूने सटकली. एकदा मी डावं बटण दाबलं आणि गाडी उजवीकडे गेली, पण म्हटलं असेल, परदेशी यंत्र आहे. पडद्याच्या खाली इंग्रजीत काहीतरी बारीक लुकलुकत होतं. मला वाटलं, शाबासकी देतायत.

आबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "अरे, हाऊ पोर्‍या तं बठ्ठासना पुढे ग्या!"

सगळ्यांच्या पुढे! मग काय, मी चढलोच! एका हाताने बटण दाबत दुसऱ्या हाताने पोह्यांचा घास घेतला. तरी गाडी पळतेच आहे! आबा गार पडले. नानांनी मिशीला पीळ दिला. दारात उभी असलेली सुनंदा पदर तोंडाला लावून खोकायला लागली. मी मनात म्हटलं, लाजली बिचारी.

शर्यत संपली. आबांनी मांडीवर थाप मारली. "चाल भाऊ, आते जीप काढ! देवीना दर्शनले जाऊत."

आता इथे शहाण्या माणसाने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं असतं की नाही? पण जिंकलेला माणूस शहाणा कुठे राहतो? मलाच वाटायला लागलं होतं, गाडी म्हणजे काय, डावं आणि उजवं!

जीपमध्ये बसलो. किल्ली फिरवली. त्या खेळात क्लच नव्हता हो! जीपने एक हिसका दिला, मग दुसरा, आणि अंगण पार करून समोरच्या पडवीतल्या कापसाच्या ढिगात नाकापर्यंत शिरली. सगळीकडे पांढरंच पांढरं. नानांची टोपी जीपच्या टपावर आणि मी स्टिअरिंगला मिठी मारून बसलेलो.

कोणाला लागलं नाही. पण स्थळ गेलं, हे मला दिसतच होतं. आबा अंगावरचा कापूस झटकत एवढंच म्हणाले, "आते तर बेस चालवी राह्यंता ना तू?"

तेव्हा सुनंदा "हो"च्या पलीकडे पहिल्यांदा काही बोलली.

"आबा, ते चालवतच नव्हते. त्यांनी स्टार्टचं बटण दाबलंच नाही. नाही दाबलं तर गाडी आपली आपण पळते, नमुना म्हणून."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तरी तोंडातून निघालंच, "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मला कोणी विचारलं? मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, एवढंच विचारलं."

मी चपला शोधायला लागलो. नाना तर वेशीकडे निघालेसुद्धा. आबा लेकीला म्हणाले, "मंग? नकार कळावू ना?"

"नको. हेच चालतील."

"हाऊ? गाडी येत नही याले!"

"गाडी मी शिकते, आबा. पण दुसरं कोणी चालवत असताना नुसती बटणं दाबून इतका खूश राहणारा नवरा मला परत कुठे मिळणार?"

झालं लग्न. ती खरंच शिकली. व्यापारही तीच बघते, जीपही तीच चालवते. मी शेजारी बसून रस्ता सांगतो.

परवाच धुळ्याला जाताना फाट्यावर मी जोरात ओरडलो, "डावीकडे!" तिने शांतपणे उजवीकडे घेतली. आणि काय सांगू, अगदी वेळेवर पोचलो!

खाली उतरताना मी स्वतःशीच म्हटलं, वा! अजून हात बसलेला आहे आपला.