नांगर टाकून धावणारं जहाज

सदर इसम व्यवसायाने शिंपी. वय एकसष्ट, उंची बेताची, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. स्वभाव शांत. विजेच्या बाबतीत काटेकोर. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना आढळल्यास घर डोक्यावर घेतो. सद्यस्थिती: दुकानात, मशीनपुढे स्थिर.

स्थिर हे आपलं लिहायची पद्धत म्हणून. खरं तर सकाळपासून चार टाके घालायचे, उठायचं, मोबाइल बघायचा, दारापर्यंत जायचं आणि परत येऊन बसायचं, असं चाललं होतं. मुलगा एका छोट्या टँकरवर तिसरा अधिकारी होता. लांबी नव्वद मीटर, रुंदी पंधरा, माल खाद्यतेल, हे सगळं मोबाइलवर घरबसल्या दिसे. जहाज म्हणजे नकाशावरचा एक हिरवा बाण. आज त्या बाणाखाली लिहिलं होतं: ‘नांगर टाकलेला. वेग नऊ नॉट.’

शिंप्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“अगं, नांगर तुटलाय. जहाज वाहत चाललंय!”

“वाहणारं जहाज इतकं सरळ रेषेत जातं होय?” काजं करणाऱ्या बायकोने मानसुद्धा वर केली नाही.

“तुला काय कळतं जहाजातलं?”

“आणि तुम्हाला? ती बाही बघा, उलटी लावलीत. गिऱ्हाइकाचा हात काय पाठीतून येणार आहे?”

म्हणाली खरी, पण पुढचं काज तिने बटणाच्या दुप्पट कापलं.

मुलाचा फोन लागेना. शिंप्याने बाही उसवली, पुन्हा लावली, पुन्हा उलटीच. दुपारी तर बाणच दिसेनासा झाला. मग दोघांनीही कामाचं सोंग सोडून दिलं.

संध्याकाळी फोन वाजला.

“बाबा, आत्ताच धक्क्याला लागलो. एवढे मिस्ड कॉल कशाला?”

“तुमचा नांगर कुठाय?”

“जागेवर. का?”

शिंप्याने सगळं सांगितलं. पलीकडून दाबलेलं हसू. किनाऱ्यापासून लांब गेलं की बाण दिसत नाही, आणि जहाज निघालं की ‘नांगर टाकलेला’ ही नोंद हाताने बदलायची असते म्हणे. ज्याचं काम, तो विसरला.

“कोण तो बेजबाबदार माणूस?”

“मीच, बाबा.”

“लहानपणापासून हेच! खोलीबाहेर पडलास की पंखा तसाच गरगर...” शिंप्याचा चढलेला आवाज मध्येच खाली आला. “जेवलास का रे?”

पुढचं बोलणं बायकोने फोन ओढून घेऊन केलं.

त्यानंतर सदर इसमाने नेहमीप्रमाणे सर्व खातरजमा करून दुकान बंद केले.

सकाळी कुलूप उघडलं, तेव्हा आत पंखा फिरत होता.